लॉन मोअरमध्ये कुठलं ऑइल घालायचं: आधी इंजिन, मग आकडा, कंपनी शेवटी

पावसाला सुरुवात होऊन दहा-बारा दिवस झाले की आमच्या ग्वाल्हेरात गवत बघता बघता घोट्यावर येतं आणि माझा फोन वाजू लागतो. "काका, मशीन पांढरा धूर सोडतंय." "काका, दोरी ओढून ओढून खांदा गेला, सुरूच होत नाही." "काका, चालता चालता कटकट आवाज आला आणि जाम झालं." मी मेकॅनिक नाही. निवृत्तीनंतर थाटीपूरमधल्या आमच्या सोसायटीची हिरवळ आणि तिचं मशीन माझ्या गळ्यात पडलं, एवढाच माझा अधिकार. पण या फोनांपैकी निम्म्याहून जास्त वेळा खोट ऑइलमध्ये निघते, आणि गंमत म्हणजे ऑइल नामवंत कंपनीचंच असतं.

दुकानात गेल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात, "कुठल्या कंपनीचं चांगलं?" खरं तर हा शेवटचा प्रश्न. त्याआधी चार गोष्टी ठरायला हव्यात: इंजिन कुठल्या जातीचं, ऑइलचा आकडा कोणता, बाटलीवरची अक्षरं कोणती आणि माप किती. हा क्रम मोडला की गडबड होते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. मधली एखादी गाळून पुढे जाऊ नका.

कामाला बसण्याआधी

हे जवळ घेऊन बसा: मशीनची पुस्तिका (हरवली असेल तर इंजिनवरच्या पट्टीचा मोबाइलवर काढलेला फोटो), अरुंद तोंडाचं नरसाळं, मिलिलिटरच्या खुणा असलेला मापाचा डबा, जुनं ऑइल धरायला पसरट भांडं, सुती फडकं आणि डोळ्यांवर विश्वास नसेल तर चष्मा. शेवटचं मी थट्टेने लिहिलेलं नाही. बाटलीमागची अक्षरं इतकी बारीक असतात की चष्मा घरी विसरलेला माणूस दुकानदार देईल ते घेऊन येतो.

स्वयंपाकघरातलं नरसाळं आणि वाटी आणू नका. एकदा ऑइलला लागलेलं भांडं परत जेवणाच्या कामाचं राहत नाही, आणि घरातले बोल ऐकावे लागतात ते वेगळेच.

पायरी १: इंजिन ओळखा

विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या मशीनला इंजिन ऑइल लागतच नाही. हाताने ढकलायच्या पात्याच्या मशीनलाही नाही. त्याच्या बेअरिंगला ग्रीस आणि पात्याला तेलाचा हात पुरतो. पेट्रोलच्या मशीनचा मात्र नीट तपास करा, कारण तिथे फोर-स्ट्रोक आणि टू-स्ट्रोक या दोन वेगळ्या जाती आहेत.

फोर-स्ट्रोकला दोन तोंडं असतात. एक पेट्रोलचं, दुसरं ऑइलचं. ऑइलच्या झाकणाला बहुधा आत जाणारी डंडी, म्हणजे डिपस्टिक, जोडलेली असते. टू-स्ट्रोकला एकच तोंड असतं आणि त्यात पेट्रोल व ऑइल मिसळून घालतात. त्याच्या झाकणावर पंप आणि थेंबाचं चित्र किंवा ५०:१ असं प्रमाण बहुतेकदा कोरलेलं असतं.

आपल्याकडे चाकांवर ढकलायची पेट्रोलची मशीनं आता बहुतेक फोर-स्ट्रोकच येतात. घोटाळा होतो तो खांद्याला अडकवायच्या ब्रश कटरमध्ये. आकार लहान, म्हणून लोक त्याला डोळे झाकून टू-स्ट्रोक धरतात. होंडाचं जीएक्स २५ किंवा जीएक्स ३५ हे इंजिन असलेला कटर मात्र फोर-स्ट्रोक आहे. त्याच्या टाकीत साधं पेट्रोल जातं आणि ऑइल वेगळ्या तोंडातून, तेही जेमतेम ८० ते १०० मिलिलिटर. याच्या अगदी उलट स्टील (Stihl) या कंपनीचं ४-मिक्स इंजिन: नावात चार आहे, चालतंही फोर-स्ट्रोकसारखं, पण त्याला ऑइलची वेगळी टाकी नाही, त्यात ५०:१ चं मिश्रणच घालावं लागतं. म्हणून आकारावर किंवा नावावर जाऊ नका, तोंडं मोजा.

*तपासा:* ऑइलचं वेगळं झाकण सापडलं का? सापडलं तर थेट पायरी ३ वर जा. नाही सापडलं तर पायरी २ तुमच्यासाठी आहे.

पायरी २: फक्त टू-स्ट्रोकवाल्यांसाठी

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं, त्यामुळे ते बदलायचा प्रश्न नाही. दर वेळी नीट मिसळायचा प्रश्न आहे. बाटलीवर '२टी' असावं आणि मागे जॅसो या जपानी मानकाची एफसी किंवा एफडी ही अक्षरं असावीत. एफबी ही खालची पायरी; धूर आणि काजळी जास्त. एफडी सगळ्यांत स्वच्छ जळतं. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या बोटींच्या इंजिनांसाठी असतं. हवेवर थंड होणाऱ्या कटरला ते नको.

एक लिटर पेट्रोलमागे माप असं: ५०:१ असेल तर २० मिलिलिटर, ४०:१ असेल तर २५, २५:१ असेल तर ४०. "थोडं जास्त घातलं तर इंजिन जास्त टिकेल" हा समज प्लग काळा करतो आणि सायलेन्सर चोंदवतो. कमी घातलं तर पिस्टन ओरखडतो. दोन्हींत कमी घातलेलं जास्त महागात पडतं.

डब्यात आधी निम्मं पेट्रोल घ्या, त्यात मोजलेलं ऑइल घाला, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल ओता आणि परत हलवा. मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच करा. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका.

*सावध:* मिश्रण थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका. घरात मुलं असोत वा नसोत. पेट्रोलसाठी असलेलाच डबा घ्या आणि त्यावर मोठ्या अक्षरांत प्रमाण लिहा.

टू-स्ट्रोकचं काम इथे संपलं. पुढचं सगळं फोर-स्ट्रोकचं.

पायरी ३: आकडा ठरवा

इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबू.

आपल्याकडे इंजिन ऑइलला सर्रास 'मोबील' म्हणतात आणि मोबील म्हणजे मोबील, त्यात काय बघायचं, अशी समजूत असते. घरात बाइकच्या सर्व्हिसिंगमधून उरलेली २०डब्ल्यू-५० ची अर्धी बाटली असते, कारचं उरलेलं ०डब्ल्यू-२० असतं, गावाकडच्या पंपाचं एसएई ४० असतं (एसएई ही हे आकडे ठरवणारी संस्था). त्यातलं जे हाताला लागेल ते मशीनमध्ये जातं.

आकड्यांचा अर्थ सोपा आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज हलतं ते सांगतो. आकडा लहान तितकी थंडीत सुरुवात सोपी. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर, १०० अंश सेल्सिअसला, ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. ३० हा आकडा १०० अंशांना साधारण ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक एवढ्या दाटपणाचा. ४० चा पट्टा १२.५ पासून १६.३ पर्यंत, ५० त्याच्याही वर. म्हणजे १०डब्ल्यू-३० आणि नुसतं एसएई ३० ही दोन्ही गरम इंजिनात एकाच पट्ट्यातली. फरक पडतो तो थंड इंजिनात.

आता हे मशीनला का महत्त्वाचं? गाडीच्या इंजिनात ऑइलचा पंप असतो, फिल्टर असतो, बहुतेक गाड्यांत थंड करायला पाणी असतं. ढकलायच्या मोअरच्या लहान इंजिनांत बहुधा यातलं काहीच नसतं. आतला एक लहानसा चमचा किंवा फिरती चकती खालचं ऑइल उडवते आणि ते तुषार सगळीकडे पोचतात. ऑइल गरजेपेक्षा दाट असेल तर ते नीट उडत नाही, सुरुवातीची काही मिनिटं वरचे भाग कोरडे राहतात. फार पातळ असेल तर हवेवर थंड होणाऱ्या त्या तापलेल्या इंजिनात त्याचा थर टिकत नाही आणि ते जळूही लागतं. कारचं ०डब्ल्यू-२० कितीही महागाचं असो, मोअरला ते नको.

त्यात आपलं ग्वाल्हेर. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, जानेवारीत पहाटे पाचाच्या खाली येतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाने सांगितलेला ग्रेड इथे जसाच्या तसा चालेलच असं नाही. माझा हिशेब असा:

बारा महिने एकच ऑइल ठेवायचं असेल तर १०डब्ल्यू-३०. होंडाच्या जीएक्स आणि जीएक्सव्ही इंजिनांच्या पुस्तिकेतही सर्वसाधारण वापराला हेच सांगितलेलं असतं. जानेवारीत मशीन सुरू होतं, पावसाळ्यात नीट चालतं. कडक उन्हाळ्यात मात्र ते थोडं थोडं जळतं; ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिन कंपनीच्या पुस्तिकेत २७ अंशांच्या वर १०डब्ल्यू-३० चा खप वाढू शकतो असा इशारा आहे. याचा अर्थ ते वापरू नका असा नाही, डंडी जास्त वेळा बघा असा आहे.

मशीन फक्त एप्रिल ते ऑक्टोबर चालवत असाल तर एसएई ३० उत्तम. त्याच ब्रिग्जच्या तक्त्यात ते ४ अंशांच्या वर चालतं, खाली सुरुवात जड जाते. अडचण एवढीच की आपल्याकडच्या दुकानांत नुसतं ३० पटकन मिळत नाही. समोर येतं ४०, आणि "एकच आहे हो" असं सांगून ते खपवलं जातं. एकच नाही.

२०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० घालू का, हा प्रश्न मला दर वर्षी येतो. तुमच्या पुस्तिकेतल्या तापमानाच्या तक्त्यात ते छापलेलं असेल तर खुशाल घाला. काही इंजिनांना उन्हाळ्यासाठी दाट ऑइल मान्य असतं. छापलेलं नसेल तर "ऊन जास्त म्हणून ऑइल दाट" हा तर्क स्वतःच्या मनाने लढवू नका. त्यापेक्षा मे महिन्यात सकाळी आठच्या आत गवत कापून घ्या, लू सुरू झाल्यावर मशीन बाहेर काढूच नका. इंजिनावरही उपकार, तुमच्यावरही.

*तपासा:* पुस्तिकेतला आकडा आणि तुम्ही ठरवलेला आकडा कागदावर शेजारी शेजारी लिहा. जुळत नसतील तर पुस्तिका बरोबर.

पायरी ४: बाटलीमागची अक्षरं

दोन जागा बघायच्या.

पहिली एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा. एसने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनांसाठी, सीने सुरू होणारी डिझेलसाठी. मोअरला एसजे किंवा त्याच्या पुढचं चालतं: एसएल, एसएम, एसएन, एसपी. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. जुन्या साठ्यातल्या बाटलीवर एसएफ किंवा एसजी दिसलं तर परत ठेवा. नुसतं सीएफ किंवा सीआय-४ असेल तर ते ट्रॅक्टर-ट्रकचं. त्या शेल्फपासून दूर व्हा. एकाच बाटलीवर एस आणि सी दोन्ही असतील आणि आकडा जुळत असेल तर हरकत नाही.

दुसरी जागा जॅसो: एमए, एमए२ किंवा एमबी. ही अक्षरं बाइक-स्कूटरसाठी. गियरच्या बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिला एमए लागतं, स्कूटरला एमबी. मोअरच्या इंजिनात असा ओला क्लच नसतो, त्यामुळे दोन्ही चालतात. ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण स्कूटरचं १०डब्ल्यू-३० गल्लीतल्या कुठल्याही पार्ट्सच्या दुकानात मिळतं. 'मोअर स्पेशल' असं लेबल शोधत बाड्यापासून मुरारपर्यंत हिंडायची गरज नाही. आकडा १०डब्ल्यू-३० आणि एपीआय एसजे किंवा वरचं, एवढं मिळालं की काम झालं.

मिनरल की सिंथेटिक? सहा महिन्यांनी काढून टाकायच्याच साडेसहाशे मिलिलिटरसाठी मी सिंथेटिक घेत नाही. रोज तास-तास मशीन चालवणाऱ्या माळ्याची गोष्ट वेगळी. तिथे सिंथेटिक उष्णतेत जास्त टिकतं आणि पैसे वसूल होतात. घरच्या मशीनला ते नाकापेक्षा मोती जड.

आणि ऑइलमध्ये मिसळायची ती 'ताकद वाढवणारी' लहान बाटली दुकानदार काउंटरवर ठेवेलच. तिथेच राहू द्या.

पायरी ५: माप

माझं स्वतःचं मशीन मी पहिल्याच वर्षी आजारी पाडलं ते इथे. मुलाच्या बाइकचं २०डब्ल्यू-५० उरलं होतं. आमचा माळी म्हणाला, "बाबूजी, फुल कर देता हूँ," आणि त्याने खरंच फुल केलं, तोंडाशी दिसेपर्यंत. दोरी ओढताच पांढऱ्या धुराचा लोट असा उठला की समोरच्या गच्चीवरच्या वहिनी बादली घेऊन धावल्या. एअर फिल्टर ऑइलने चिंब, प्लग ओला, सगळं उघडून साफ करण्यात एक रविवार गेला. ग्रेड चुकीचा होताच, पण त्या दिवशी घात केला तो मापाने.

जास्त ऑइलला फिरत्या भागांचा मार बसून फेस येतो, दाब वाढतो आणि ते इंजिनाच्या श्वासनळीवाटे (ब्रीदर) एअर फिल्टरमध्ये फेकलं जातं. कमी ऑइल असेल तर आतला चमचा त्याला शिवतच नाही. काही मिनिटांत कनेक्टिंग रॉड धरतो आणि तुटतो. पहिल्या चुकीत रविवार जातो, दुसरीत इंजिन.

अंदाज यावा म्हणून काही मापं: होंडा जीएक्सव्ही १६० ला सुमारे ०.६५ लिटर, जीएक्स १६० ला ०.६ च्या आसपास. ब्रिग्जच्या ढकलायच्या मशीनना बहुतेक अर्धा ते ०.६ लिटर, जीएक्स ३५ ला ०.१ आणि जीएक्स २५ ला ०.०८ लिटर. स्कूटरची ८०० मिलिलिटरची बाटली पूर्ण रिकामी करायची नसते, हे यावरून कळेल. उरलेलं दीडशे मिलिलिटर घट्ट झाकून ठेवा, अधूनमधून भर घालायला तेच कामी येतं.

*सावध:* नवं कोरं मशीन बहुधा ऑइलशिवाय येतं. खोक्यातून काढलं, पेट्रोल भरलं, दोरी ओढली, असं करून दहा मिनिटांत नवं इंजिन संपवलेले लोक मी पाहिले आहेत. दुकानदाराने "सगळं भरून दिलंय" म्हटलं तरी डंडी स्वतः काढून बघा.

पायरी ६: खरेदी

आता कंपनी विचारा. वरच्या चारही गोष्टी जुळत असतील तर ओळखीच्या कुठल्याही कंपनीचं घ्या, मला त्यात फरक जाणवलेला नाही. बाटलीचं सील शाबूत हवं, झाकणाखालचा कागद किंवा पत्रा न फाटलेला हवा, पॅकिंगची तारीख वाचता यायला हवी. सुटं ऑइल, डब्यातून मोजून दिलेलं, कधीही घेऊ नका. ते गाळलेलं जुनं आहे की नवं हे डोळ्यांना कळत नाही. बिल मागा.

पायरी ७: जुनं ऑइल काढणं

मशीन दोन-तीन मिनिटं चालवा म्हणजे ऑइल कोमट होऊन गाळासकट बाहेर येतं. मग बंद करून पाच मिनिटं थांबा. क्रम असा ठेवा:

१. प्लगची टोपी ओढून बाजूला करा. पात्याला हात लागणार आहे; हे आधी, बाकी सगळं नंतर.

२. पेट्रोलचा कॉक बंद करा. टाकी शक्यतो जवळजवळ रिकामी असू द्या.

३. ऑइलच्या तोंडाभोवतीची माती आणि गवत पुसा. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ काय असते ते सांगायला नको. झाकण उघडल्यावर चिमूटभर आत गेली तर तीच सँडपेपरचं काम करते.

४. खाली नट असेल तर तो सोडा. नसेल तर मशीन ऑइलच्या तोंडाच्या बाजूला कलतं करून भांड्यात ओता.

*सावध:* कलतं करताना एअर फिल्टर आणि कार्बोरेटर नेहमी वरच्या बाजूला राहिले पाहिजेत. उलट्या कुशीवर पाडलंत तर ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलेंडरमध्ये जाईल. दोरी दगडासारखी अडली तर जोर लावू नका. प्लग काढून, त्या भोकापासून तोंड दूर ठेवून हळूहळू ओढा, आत साचलेलं बाहेर येईल.

भांड्यातलं ऑइल फेकण्याआधी नुसतं बघा. काळं असणं हा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. दुधाळ, ताकासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. मशीन पावसात उघड्यावर राहिलं असेल. पेट्रोलचा उग्र वास आणि पाण्यासारखं पातळ असेल तर कार्बोरेटरची सुई अडकून पेट्रोल खाली झिरपतंय. ती दुरुस्त न करता नवं ऑइल घालणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. प्रकाशात चमचमणारे धातूचे कण दिसले तर मिस्त्रीला दाखवा.

जुनं ऑइल गटारात किंवा झाडाखाली ओतू नका आणि वाळवीसाठी दाराच्या चौकटींना फासूही नका, आपल्याकडे ही जुनी खोड आहे. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या डब्यात भरून अशा गॅरेजला द्या जिथून ते पुनर्प्रक्रियेला उचललं जातं.

पायरी ८: नवं घालणं आणि डंडी वाचणं

मशीन सपाट फरशीवर ठेवा, हिरवळीवर नाही. मापाच्या डब्यात पुस्तिकेतल्या मापापेक्षा पन्नास-साठ मिलिलिटर कमी घ्या, कारण जुनं कितीही निथळलं तरी थोडं आत राहतंच. हळू ओता, दोन मिनिटं थांबा, मग डंडी.

डंडी वाचण्यात एक फसगत आहे. होंडाच्या जीएक्स, जीएक्सव्ही इंजिनांत डंडी पुसून नुसती आत ठेवायची, आटे फिरवून घट्ट करायची नाही, तशीच बाहेर काढून बघायची. ब्रिग्जच्या बऱ्याच इंजिनांत उलट: पूर्ण घट्ट बसवून मग काढायची. होंडाची डंडी फिरवून आत घातलीत तर ती जास्त खोल जाते, ऑइल भरपूर असल्यासारखं दिसतं आणि प्रत्यक्षात कमी असतं. ब्रिग्जची न फिरवता बघितलीत तर कमी दिसतं, आणि माणूस ओतत राहतो. तुमच्या पुस्तिकेत याचं चित्र असतंच. ते एकदा शोधून काढा.

वरच्या खुणेला टेकेपर्यंत थोडं थोडं घाला. खुणेच्या वर गेलं तर "असू दे थोडं" म्हणू नका; मोठ्या सिरिंजला नळी लावून जास्तीचं ओढून काढा.

पायरी ९: पहिल्यांदा सुरू करताना

प्लगची टोपी न लावता दोरी तीन-चार वेळा हळू ओढा, आतले भाग ओले होतील. मग टोपी लावा, कॉक उघडा, सुरू करा. सुरुवातीला थोडा धूर येणं साहजिक आहे, मिनिटभरात थांबला पाहिजे. दोन-तीन मिनिटांनी बंद करून खाली गळतंय का बघा, पाच मिनिटं थांबून डंडी परत वाचा. लागलं तर भर घाला.

*तपासा:* पाच मिनिटांनंतरही धूर चालूच? ऑइल जास्त आहे किंवा फिल्टर भिजलाय. मशीन तसंच दामटू नका.

उतारावर काम असेल तर सांभाळून. ऑइल उडवून वंगण होणाऱ्या इंजिनात मशीन फार कललं की ऑइल एका बाजूला जातं आणि चमचा हवेत फिरतो. पंधरा अंशांहून जास्त चढावर मी ढकलायचं मशीन नेत नाही, तेवढा तुकडा विळ्याने काढतो.

पायरी १०: पुढची पाळी कधी

नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर बदलायचं असतं, कारण भाग घासून बसताना धातूचा बारीक चुरा निघतो. होंडाच्या जीएक्सव्ही १६० ला पहिल्या महिन्यात किंवा २० तासांनी, ब्रिग्जच्या बऱ्याच मशीनना पहिल्या ५ तासांनीच. त्यानंतर होंडाला १०० तास किंवा सहा महिने, ब्रिग्जला साधारण ५० तास किंवा वर्ष. यातलं जे आधी येईल ते.

घरच्या माणसाने तासांच्या भरवशावर राहू नये. आठवड्यातून एकदा पाऊण तास, जुलै ते ऑक्टोबर सतरा आठवडे धरले तर जेमतेम तेरा तास भरतात. शंभर तास कधी होणारच नाहीत, कॅलेंडर बघा. उलट सोसायटीचा माळी रोज तीन तास चालवत असेल तर शंभर तास सव्वा महिन्याच्या आतच भरतात, आणि त्याला सहा महिन्यांचा हिशेब सांगणं म्हणजे इंजिन मारणं. आमच्याकडची धूळ बघता मी पुस्तिकेतले तास निम्मे धरतो आणि उन्हाळ्यात एअर फिल्टर दर आठवड्याला झटकतो.

मी वर्षातून दोनदा बदलतो: पाऊस यायच्या आधी जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, मशीन थंडीसाठी आत ठेवताना. दुसरी पाळी लोक टाळतात, "आता वापरायचंच नाही तर कशाला?" म्हणतात. पण वापरलेल्या ऑइलमध्ये ओलावा आणि आंबूस मळ असतो. तो तीन महिने आत बसून राहिला की धातूला खातो. शिवाय आत ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करा, म्हणजे सुई अडकली तरी सगळी टाकी ऑइलमध्ये उतरणार नाही.

वापराच्या दिवसांत दर वेळी सुरू करण्याआधी डंडी बघायची. अर्ध्या मिनिटाचं काम. मशीन मी एकटाच चालवत नाही, माळी बदलत असतात, म्हणून दांड्यावर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर पक्क्या शाईने हिंदीत लिहून ठेवलंय: '१०डब्ल्यू-३०, ६५० मिली, डंडी घुमाए बिना नापें', आणि खाली शेवटच्या बदलाची तारीख. तारीख खोडून नवी घालायला पेन दांड्यालाच सुतळीने बांधलेलं आहे.